काळी पाच आणि अंबरनाथची मुलगी

ताई,
मी ३६ वर्षांचा, राहायला भांडुपला, विमा कंपनीत नोकरी. गिटार वाजवतो. अंधेरीत एका हॉटेलच्या माडीवर दर गुरुवारी ब्लूज या अमेरिकी संगीताचा जॅम असतो, म्हणजे वहीत नाव लिहून कुणीही वर जाऊन वाजवायचं, गायचं. पाच वर्षांपूर्वी तो सुरू झाला तेव्हापासून मी तिथे आहे, अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, खांद्यावर घेऊन जिने चढलोय. सहा महिन्यांपूर्वी २३ वर्षांचा एक मुलगा यायला लागला, माउथ ऑर्गन वाजवतो. आता सगळं त्याच्याभोवतीच चालतं. सोलोला, म्हणजे एकट्याने वाजवायला, त्याला पाच-पाच राउंड, मला दोन. त्याला साडेनवाला वर बोलावतात, मला पावणेअकराला, तोवर पब्लिक बिल मागवायला लागलेलं असतं. आयोजक माझा जुना मित्र. त्याला पैशांचे दोन कार्यक्रम मिळाले तेव्हा त्याने या मुलाला नेलं, मला विचारलंसुद्धा नाही.
गेल्या गुरुवारी माझ्या हातून एक गोष्ट झाली. मी त्या मुलाला पट्टी सांगितली ‘ए’ आणि सुरू केलं अर्ध्या सुराने वरच्या बी फ्लॅटमध्ये. ड्रमर आणि बेसवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. लोक हसले. मला मात्र वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. तसं तिथे नव्या लोकांना कुणी विचारतच नाही. अंबरनाथची एक मुलगी तीन गुरुवार नाव लिहून न गाताच परत गेली, पण ते जाऊ दे. मी जॅम सोडून देऊ का?
– लिडवाला, भांडुप

भांडुपकरा,

वयाने तू माझ्या धाकट्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरे करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘पण ते जाऊ दे’पाशी अडकले. तिथे येतेच, आधी त्या बी फ्लॅटचं बघू.

आम्हा पेटीवाल्यांच्या भाषेत तू त्याला पांढरी सहा सांगितलीस आणि काळी पाच धरलीस. गिटारवाल्याचं यात काय जातं? हात एक घर पुढे सरकवला की झालं. त्या पोराचं वाद्य दहा भोकांचं आणि एकाच पट्टीत बांधलेलं, म्हणून तर ही मंडळी डबीत सहा-सात घेऊन फिरतात. ए मधल्या ब्लूजला ते सहसा डी चा माउथ ऑर्गन काढतात, बी फ्लॅट असेल तर ई फ्लॅटचा लागतो. म्हणजे त्याने डबीतून डी चा शोधला, तळहातावर आपटला, ओठाला लावला, तुम्ही चार मोजलेत आणि पहिल्याच श्वासाला त्याचा प्रत्येक सूर अर्ध्याने खाली. समोर बसलेल्यांना काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं की पोरगा बेसूर आहे.

ज्याला ते वाद्य कळत नाही त्याला हा डाव सुचणारच नाही. तुला कळतं, म्हणून तुला ‘माझ्या हातून एक गोष्ट झाली’ असं लिहिता येणार नाही. ती झाली नाही, तू केलीस. आणि खरं सांगू का, मला तुझ्याहून त्या ड्रमर आणि बेसवाल्याचा जास्त राग आला. तुझ्या पोटात निदान काहीतरी जळत होतं. ते दोघं फुकटात सामील झाले.

येत्या गुरुवारी अर्धा तास आधी जा. पोरगा वर आला की त्याला बाजूला घे आणि ‘मी मुद्दाम केलं’ हे तीन शब्द म्हण. ‘गंमत केली रे’ म्हणू नकोस, ‘तुझी परीक्षा बघत होतो’ तर अजिबात नको. तो कदाचित काहीच बोलणार नाही, मोबाइलमध्ये डोकं घालून ‘इट्स ओके’ म्हणेल. म्हणू दे. मग रात्री तुझी पाळी येईल तेव्हा त्याला वर बोलाव आणि पट्टी त्याला ठरवू दे, सगळ्यांसमोर, माइकवर.

आता राउंडचं. एक राउंड बारा बारचा, एका बारमध्ये चार ठोके. मिनिटाला ९६ ठोके धरले तर तो बरोबर अर्ध्या मिनिटात संपतो. त्याला पाच, तुला दोन, म्हणजे फरक तीन राउंडचा. दीड मिनिट! हसू नकोस, मला ठाऊक आहे स्टेजवर दीड मिनिट केवढं असतं. पण सहा महिने झोप उडवण्याइतकं ते नाही. तो पाच राउंड घेतो तेव्हा लोक खरंच ऐकतात की नुसता वेळ जातो, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, ऐकतात. नसते ऐकत तर तू आवर्जून लिहिलं असतंस.

माउथ ऑर्गनवरून एक आठवलं. १९६४ च्या ‘दोस्ती’तला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवलाय. संगीत होतं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. पंचम, म्हणजे हेच बर्मन, तेव्हा काही नुसते वादक नव्हते, संगीतकार म्हणून त्यांचा ‘छोटे नवाब’ १९६१ मध्येच येऊन गेला होता. तरी दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला गेले, वाजवलं, घरी आले. त्या वर्षीचं फिल्मफेअर लक्ष्मी-प्यारेंनी नेलं. आता मी ‘बघ, मोठी माणसं कशी असतात’ असं म्हणणार नाही, मला कुणी असं म्हटलेलं आवडत नाही. फक्त या शहरात वादक एकमेकांच्या गाण्यात वाजवूनच जगत आलेत, एवढं डोक्यात असू दे. ज्याला आज तू पाडलंस तोच उद्या कुणाला तरी म्हणेल, ‘गिटारला भांडुपचा एक जण आहे’ किंवा म्हणणार नाही.

त्या दोन कार्यक्रमांचं लवकर आटोपते. पैसे आयोजकाचे, जबाबदारी त्याची, त्याने कुणाला न्यायचं ते तो ठरवेल. जॅमला पाच वर्षं अँप उचललेस म्हणून कामावर हक्क बसत नाही. पण मित्र आहे ना? मग चहाला गाठ आणि सरळ विचार की मला का नाही नेलंस. उत्तर झोंबेल असंही असू शकतं. ‘तू आवाज फार वाढवतोस’ हे वाक्य मी निदान दहा गिटारवाल्यांच्या बाबतीत ऐकलंय.

यादीचं मात्र तसं नाही. कार्यक्रम त्याचा खासगी, जॅम सगळ्यांचा. तिथे नाव लिहिणाऱ्याला पाळी मिळालीच पाहिजे. आणि इथेच ती अंबरनाथची मुलगी येते.

मी बावीस वर्षांची असताना एका ऑर्केस्ट्रात दुसरी गायिका होते. दुसरी म्हणजे कोरसला उभी राहणारी, आणि पहिलीचा घसा बसला तर देवासारखी आठवणारी. गणपतीत ठाण्याच्या एका मैदानात माझं एक गाणं लागलं होतं, साडेतीन तासांत एकच. गिरगावातून हिरवी साडी इस्त्री करून नेली होती. विंगेत उभी राहिले. प्रत्येक गाण्यानंतर वादकांचा म्होरक्या माझ्याकडे बघून हात दाखवायचा, थांब, पुढचं तुझं. मग वन्स मोअर आला, मग नगरसेवकांचा सत्कार, मग वेळ संपला. व्हीटीच्या शेवटच्या लोकलमध्ये तोंडाला पावडर तशीच. समोरच्या बाईने विचारलं, ‘गाता का तुम्ही?’ मी नाही म्हटलं.

कुणी माझ्याशी वाईट वागलं नव्हतं बघ. सगळे म्हणाले असतील, ते जाऊ दे.

ती मुलगी अंबरनाथहून अंधेरीला येते. २०१४ पासून घाटकोपरहून मेट्रो आहे म्हणून निदान हा विचार तरी करता येतो. पण परत जाताना मेट्रो, मग घाटकोपरहून जवळपास तासभर लोकल, मग रिक्षा. तिला दहाला उठायलाच हवं. तुमच्याकडे पहिला अर्धा तास हाउस बँडचा, मग ओळखीचे, मग ओळखीच्यांचे ओळखीचे. तिची पाळी येते तेव्हा ती दिवा स्टेशनच्या पुढे पोचलेली असते. तू पावणेअकराचं रडगाणं गातोस, तर तुझं भांडुप घाटकोपरहून तिसरं स्टेशन. तुला पावणेअकरा परवडतात रे.

आयोजकाकडे जायचं तर ही यादी घेऊन जा, स्वतःचे राउंड घेऊन नको. वही आठला उघडायची आणि टेबलावर उघडीच ठेवायची, त्याच्या खिशात नाही. नावापुढे शेवटच्या गाडीची वेळ लिहायची आणि लांबच्यांना आधी घ्यायचं. एकदाही वर न गेलेला माणूस बसलेला असताना कुणाला दुसऱ्यांदा बोलवायचं नाही, तो माउथ ऑर्गनवाला असो नाहीतर तू. आणि चार मोजायच्या आधी पट्टी माइकवर सांगायची. यातलं शेवटचं कलम तुझ्यामुळे आलंय हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी असते तर सांगितलं असतं.

तो ‘बघतो’ म्हणेल. आयोजक ‘बघतो’च म्हणतात. तर त्या गुरुवारी पावणेनवाला तुझं नाव पुकारलं तरी तू उठू नकोस, वहीतल्या पुढच्या नवख्याकडे बोट दाखव. दोन-तीनदा केलंस की पुकारणाऱ्यालाच अवघड होईल.

जॅम सोडायचा तर खुशाल सोड, पण ही दोन कामं झाल्यावर. आज सोडलास तर त्या पोराला वाटेल लोक त्याच्या बेसूर वाजवण्यावर हसले, आणि तिला वाटेल आपण गातच नाही.

तिने वहीत तीनदा नाव लिहिलंय म्हणजे नंबरही असेल. फोन मात्र तू करू नकोस, अनोळखी पुरुषाचा फोन नको. आयोजकाकडून निरोप जाऊ दे, की साडेआठला पहिली पाळी तुझी. आली की तिला पट्टी विचार. काळी दोन म्हणाली तर काळी दोनच धर.