डॉक्सिलामाइन: मळमळीची गोळी वेगळी, झोपेची वेगळी

डॉक्सिलामाइन हे गुंगी आणणारं अँटिहिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीवरच्या गटातलं औषध. ते मळमळीच्या गोळीतही असतं आणि झोपेच्या गोळीतही, म्हणून या दोन गोळ्यांची गल्लत होते. गरोदरपणातल्या मळमळीवर देतात त्या गोळीत सहसा १० मिलिग्रॅम डॉक्सिलामाइन आणि १० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-६ असतं. झोपेसाठीची गोळी नुसत्या डॉक्सिलामाइनची, बहुधा २५ मिलिग्रॅमची. एकीच्या जागी दुसरी परस्पर घेऊ नका.

मळमळीच्या गोळीवर पोटात उशिरा विरघळणारं आवरण असतं. त्यामुळे ती चावायची नाही, फोडायची नाही; रिकाम्या पोटी पाण्याबरोबर अख्खी गिळायची. भरल्या पोटी घेतली की असर लांबतो. सुरुवात झोपताना २ गोळ्यांनी. रात्रीची गोळी सकाळी कामाला येते, त्यामुळे उमासे सुरू झाल्यावर घेण्यात अर्थ नाही, रोज घ्यावी लागते. फरक नसेल तर डॉक्टर सकाळी १, मग दुपारी १ वाढवतात. दिवसाला ४ च्या वर नाही.

झोप मात्र डॉक्सिलामाइनच्या भरवशावर सोडू नका. काही दिवसांतच शरीर सरावतं आणि गुंगी कमी होते. शिवाय औषधाचा निम्मा अंश उतरायलाच १० ते १२ तास लागतात. मध्यरात्री गोळी घेतली तर सकाळी डोकं जड राहणारच. अशा वेळी गाडी चालवू नका. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं.

सर्दीच्या बऱ्याच औषधांतही गुंगी आणणारं अँटिहिस्टामाइन असतं, घटक वाचा. काचबिंदू, दमा किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद झाली असेल, तर थेट दवाखाना गाठा.