आलेलं पत्र त्याच दिवशी उघड

प्रिय मुली,

तू पाठवलेला फोटो पाहिला. खिडकीच्या कट्ट्यावर एकावर एक रचलेली सात पाकिटं, सातही बंद, आणि खाली तुझा प्रश्न: "काका, सगळं जर्मनमध्ये आहे. जरा भाषा जमली की एकदम बघून टाकीन. चालेल ना?"

नाही चालणार.

तू मेहनती आहेस, घरी कर्ज काढलंय याची तुला जाणीव आहे, जर्मनीत शिकायला आलीस त्या मॅग्डेबुर्गच्या थंडीलाही तू पुरून उरशील. यातलं काही तुला सांगायची गरज नाही, म्हणून सांगत बसत नाही. माझं सांगणं एकच आहे आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळलीस तरी: आलेलं पत्र त्याच दिवशी उघडायचं. समजलं नाही तरी उघडायचं.

आपल्याकडे महत्त्वाचं काम असलं की कुणीतरी फोन करतं, राहिलंच तर आपण ऑफिसात जाऊन भेटतो, साहेबांना विनंती करतो आणि बहुतेक वेळा मार्ग निघतो. इथे पत्र तुझ्या लेटरबॉक्समध्ये पडलं की तुला कळवलं असं धरतात. मुदतीचे दिवस तिथून मोजायला लागतात. पाकीट बंद होतं, भाषा येत नव्हती, परीक्षा चालू होती, ही कारणं कुणी मनावर घेत नाही. त्यात दुष्टपणा नाही, इथली पद्धतच कागदावर उभी आहे.

आता पाकिटांच्याही आधीचं काम. खाली जा आणि लेटरबॉक्सवर कुणाचं नाव आहे ते बघ. तुझ्या खोलीत आधी राहून गेलेल्या मुलाचं असेल तर तुझी निम्मी पत्रं "या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही" असा शेरा घेऊन परत गेली असतील. इथे खोली क्रमांकावर पत्र येत नाही, नावावर येतं. आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळं. इथली कार्यालयं ते जसंच्या तसं उतरवून घेतात, म्हणून पाकिटावर तुझं नाव तीन शब्दांचं दिसेल. पोस्टमन शोधतो ते आडनाव. ते पासपोर्टातल्या स्पेलिंगने, ठळक अक्षरात, लेटरबॉक्सवर आणि दाराच्या घंटीवरही लाव. वसतिगृहाच्या हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याकडे, छापील पट्टी मिळते. ती मिळेपर्यंत कागदावर लिहून चिकटव, पण आजच. दुसऱ्याच्या घरात भाड्याने खोली घेतलेल्या मैत्रिणीला सांग की पत्ता देताना "बाय", म्हणजे "यांच्याकडे", असं लिहून मूळ भाडेकरूचं आडनावही द्यायचं.

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, झाली असं तू लिहिलंस. छान. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि इथेच निम्मी मुलं ब्युर्गरब्युरोतून, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयातून, हात हलवत परत येतात. मिळालेलं प्रमाणपत्र जपून ठेव. त्या नोंदीनंतर तुझा पत्ता सरकारी यंत्रणेत पोहोचला आणि तिथूनच यातली काही पाकिटं सुटली आहेत.

त्या सातांत काय असेल ते न बघताही बऱ्यापैकी सांगता येतं. एक बँकेचं असेल, त्यात कार्ड. दुसरंही बँकेचंच, त्यात पिन. सुरक्षेसाठी दोन्ही वेगवेगळ्या दिवशी पाठवतात. एक विमा कंपनीचं, फोटो मागणारं. फोटो पाठवला नाहीस तर विम्याचं कार्ड बनणार नाही, आणि डॉक्टरच्या दारात पहिल्यांदा तेच मागतात. एक करखात्याचं, साधं राखाडीसर कागदाचं, त्यात अकरा आकडी कर-क्रमांक. हा आयुष्यभर एकच राहतो. आज बिनकामाचा वाटेल, पण उद्या छोटी नोकरी लागली आणि हा क्रमांक दिला नाहीस, तर मालकाला सहाव्या कर-वर्गाने, म्हणजे सगळ्यात जड दराने, कर कापावा लागतो.

आणि एक नक्की रुंडफुंकबायट्रागचं असेल, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. "माझ्याकडे टीव्ही नाही" म्हणून मुलं ते फेकतात. टीव्हीचा इथे संबंधच नाही. वर्गणी घरामागे असते, महिना 18.36 युरो, तीन महिन्यांची मिळून 55.08. चारजणी एका घरात राहत असाल तर चौघींत मिळून एकच. त्या घरात कुणी आधीच भरत असेल तर तिचा वर्गणी क्रमांक कळवायचा की तुझं मिटलं. वसतिगृहात सार्वजनिक जिन्यात किंवा कॉरिडॉरमध्ये दार उघडणारी स्वतंत्र खोली असेल तर ती वेगळं घर धरली जाऊ शकते, तेवढं विचारून घे. उत्तर दिलं नाहीस म्हणून विषय संपत नाही. तुझ्या नावाने खातं उघडतात, राहायला आलेल्या महिन्यापासून आकारणी होते, वर दंड चढतो, आणि दोन वर्षांनी जी रक्कम समोर येते ती एका महिन्याच्या खर्चात बसत नाही. पहिल्या पत्राला दहा मिनिटांत उत्तर दिलं असतं तर काहीच झालं नसतं. हे मी एवढ्या त्राग्याने लिहितोय, कारण बंद पाकिटांची किंमत मीही मोजली आहे. किती ते सांगत नाही, पण मोजली आहे.

भाषा येत नाही हे कारण मला पटत नाही, आणि का पटत नाही ते दाखवतो. एक पत्र हातात घे. वर उजवीकडे तारीख असते, तिच्या आसपास "आक्टेनत्साइखेन" किंवा "उन्झर त्साइखेन" असं लिहून एक क्रमांक. तुझ्या प्रकरणाची ओळख म्हणजे तो क्रमांक. त्याखाली ठळक अक्षरातली ओळ म्हणजे विषय. मग मजकुरात "बिस त्सुम" हे दोन शब्द शोध. त्यांच्यापुढे जी तारीख आहे ती शेवटची. "फ्रिस्ट" म्हणजे मुदत, "मानुंग" म्हणजे पैसे राहिल्याची ताकीद. सरकारी निर्णयाच्या शेवटी "रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग" नावाचा लांबलचक शब्द आणि छोटा परिच्छेद असतो. निर्णय मान्य नसेल तर कुठे, कशी आणि किती दिवसांत हरकत घ्यायची ते त्यात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा एक महिना. बाकीचा मजकूर मोबाइलवर भाषांतर करून वाच. संपूर्ण पत्राला पंधरा मिनिटं लागतात. तारीख लगेच कॅलेंडरमध्ये टाक, आणि एक आठवणीची सूचना पाच दिवस आधीची लाव.

पैसे भरायचे असतील तर बँकेच्या फॉर्मवर "फेरवेंडुंग्सत्स्वेक", म्हणजे पैसे कशासाठी, हा रकाना असतो. त्यात तुझं नाव नको, पत्रावरचा तो क्रमांक घाल. तो चुकला तर पैसे त्यांच्या खात्यात जातात पण तुझ्या नावावर जमा दिसत नाहीत, आणि पैसे भरूनही ताकीद येते.

तुझ्या फोटोत पिवळं पाकीट दिसलं नाही, ते बरं झालं. पुढे कधी आलं तर हातातलं सगळं बाजूला ठेव. कोर्ट आणि काही सरकारी खाती महत्त्वाचे कागद पिवळ्या पाकिटातून पाठवतात. पोस्टमन ते लेटरबॉक्समध्ये टाकताना पाकिटावर पेनाने तारीख लिहितो, आणि त्याच तारखेपासून मुदत सुरू होते. पैशांच्या मागणीचा कोर्टाचा आदेश असेल तर हरकतीला दोनच आठवडे मिळतात. पाकीट फेकू नकोस, कागदासोबत तेही जपायचं, कारण तारखेचा पुरावा पाकिटावर आहे.

तू ट्रामच्या दंडाचंही विचारलंस. विनातिकीट सापडलं तर 60 युरो. पण तुझ्या नावाचं सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, होतं आणि फक्त मोबाइल बंद पडला म्हणून दाखवता आलं नाही, असं असेल तर एका आठवड्याच्या आत त्यांच्या काउंटरवर किंवा त्यांच्या वेबसाइटवर ते दाखव, 60 चे 7 युरो होतात. आठवा दिवस उजाडला की 60 च. बघ, इथेही गोष्ट तारखेचीच आहे.

कागद ठेवायला लेटरबॉक्सइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे ओर्डनर, दोन कड्यांची जाड फाइल. दोन-तीन युरोंना मिळते, सोबत लोखर नावाचं भोकं पाडायचं यंत्र घे. इथल्या सगळ्या फायलींच्या कड्या 8 सेंटीमीटर अंतरावर असतात, त्यामुळे कुठलीही फाइल चालते. घर, विमा, बँक, विद्यापीठ, व्हिसा असे पाच भाग कर आणि नवं पत्र प्रत्येक भागात सगळ्यात वर लाव. उघडलेलं पत्र टेबलावर ठेवलंस तर ते पुन्हा बंद पाकिटासारखंच होतं.

व्हिसाचं आत्ताच मनात घे. स्टिकरवरची शेवटची तारीख आज कॅलेंडरमध्ये घाल आणि त्याच्या दोन महिने आधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे राहण्याच्या परवान्याचा अर्ज कर. भेटीची वेळ महिनोन्महिने मिळत नाही, त्याची काळजी नको. अर्ज व्हिसा संपण्याआधी पोहोचला पाहिजे आणि पोहोचल्याचा पुरावा तुझ्याकडे पाहिजे. मधल्या काळासाठी ते फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात. त्यावर परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यातल्या कलम 81 च्या चौथ्या पोटकलमाची चौकट भरलेली आहे का ते तिथेच बघ. तिसऱ्या पोटकलमाची असेल तर त्या कागदावर भारतात जाऊन परत येता येत नाही. घरी लग्न आहे म्हणून तिकीट काढायचं आणि मग चौकट बघायची, असं करू नकोस.

विम्याचं थोडक्यात. वयाच्या तिशीपर्यंत विद्यार्थी दराचा सरकारी विमा मिळतो, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. स्वस्त दिसतो म्हणून खासगी घेतलास आणि त्यासाठी सरकारी विम्यातून सूट मागितलीस, तर ती सूट हे शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पन्नास-साठ युरो वाचवायला जाऊन पोरं अशी अडकतात.

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरोच निघतात, वर्षाचे एकूण 11,904 तुझेच असले तरी. त्यामुळे पहिल्या महिन्यात अनामत आणि सेमिस्टर फी एकदम आली की खिसा फाटका वाटतो. खासगी घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी (हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून) असू शकते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. पुढे वसतिगृह सोडून घर घेशील तेव्हा हे घरमालकाला नम्रपणे, लेखी सांग. आणि खोली ताब्यात घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, नळ, खिडकीची कडी यांचे फोटो काढून ताबा-नोंदीत लिहून घे. सोडताना तीच नोंद तुझी अनामत परत आणते.

ग्रुपवर विचारतेस ते ठीक आहे, पण तिथली मुलं त्यांच्या वर्षीचा नियम सांगतात. वर्षाला 120 दिवस काम करता येतं असं तुला सांगितलंय. तो नियम 1 मार्च 2024 ला बदलला, आता 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. ब्लॉक्ड अकाउंटसाठी सांगतात तो 11,208 चा आकडाही जुना. नियम विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचार, आणि न समजलेलं पत्र घेऊन स्टुडेंटेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, समुपदेशनाला जा. ते फुकट असतं, आणि उघडलेलं पत्र घेऊन आलेल्या मुलीला ते मनापासून मदत करतात.

विद्यापीठाची ईमेल म्हणजेही लेटरबॉक्सच. लेक्चरला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, नाव मागे घ्यायची मुदत आणखी वेगळी. तुझ्या अभ्यासक्रमाची प्र्युफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, उघड आणि एका पेपरला किती संधी आहेत ते वाच. बहुतेक ठिकाणी तीन असतात. शेवटची गेली तर तो अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. आजारी पडलीस तर परीक्षेच्या दिवसाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं, नाहीतर गैरहजेरी म्हणजे नापास. आणि पुढच्या सेमिस्टरची फी वेळेत भरली नाहीस तर विद्यापीठ नाव काढून टाकतं, मग व्हिसाचा आधारच जातो.

तुला वाटेल, हा माणूस कागदांनी पछाडलेला आहे. पोरगी घरच्या आठवणीने रात्री रडतेय आणि हा फाइलच्या कड्यांचं अंतर सांगतोय. मला तुझं रडणं दिसतं. पण इथे रात्रीची झोप उडवणारी गोष्ट बरेचदा त्या बंद पाकिटात असते, आणि आठवण येते तेव्हा मनावर तेही ओझं असलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सगळंच जड होतं. मला हट्टी म्हणतात. या एका बाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील. आत्ता भारताशी साडेतीन तासांचा फरक आहे, तो साडेचार होईल. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर तुझा रोजच्या वेळेचा फोन तासभर उशिरा येईल आणि ती काळजी करत बसेल.

आता त्या सात पाकिटांकडे वळ. आधी जाडजूड नसलेली, खिडकीवाली, जर्मन गरुड छापलेली उघड. प्रत्येकाचा फोटो मला पाठव, दोन्ही बाजूंचा, कारण मुदत कधी कधी मागच्या पानावर असते. रात्री साडेनऊपर्यंत मी जागा आहे.

तुझा,
काका