अमेरिकेत कारखान्याचं काम परदेशात गेलं तर कामगारांना सरकार वेगळी मदत देतं का?

देत होतं. नव्या लोकांसाठी ती योजना आता बंद आहे. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मेहुण्यांचा ओहायोतला प्लांट मेक्सिकोला चाललाय, हातात दोन महिन्यांची नोटीस आहे आणि 'दोन वर्षं पैसे मिळतात, वर कॉलेज फुकट' असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. सांगणाऱ्याची माहिती खोटी नाही, पण शिळी आहे.

मी स्वतः त्या योजनेतून शिकलो. मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं मशीनवर होतो. २०१७ मध्ये आमची लाइन मेक्सिकोला गेली. शेवटचे काही आठवडे तिकडून आलेल्या पोरांना आम्हीच काम शिकवत होतो. पोरं चांगली होती, त्यांच्यावर राग धरता येत नव्हता, आणि तेच जास्त जड गेलं.

योजनेचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, सगळे टीएए म्हणायचे. तिच्यासाठी एकट्याने अर्ज करून भागत नसे. आधी तीन कामगारांनी, युनियनने किंवा खुद्द कंपनीने कामगार खात्याकडे अर्ज टाकायचा. नोकऱ्या आयातीमुळे किंवा काम बाहेर नेल्यामुळे गेल्या का, हे खातं तपासायचं आणि मान्य झालं की पूर्ण प्लांटला मंजुरी. मग प्रत्येकाने आपापलं बघायचं. आमचा अर्ज युनियनने टाकला होता.

मिशिगनमध्ये तेव्हा बेकारी भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ३६२ डॉलर होता, तोही २० आठवडेच. तो संपल्यावर टीएएतून दर आठवड्याला तेवढीच रक्कम चालू राहायची, अट एकच, पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यायचं. बेकारी भत्त्याचे आठवडे धरून हे सगळं जास्तीत जास्त १३० आठवडे. फी आणि पुस्तकांचा खर्च वेगळा मिळायचा. मी कम्युनिटी कॉलेजात औद्योगिक देखभालीचा दोन वर्षांचा कोर्स केला. चाळिशी ओलांडल्यावर बीजगणित पुन्हा शिकणं काय असतं, ते माझ्या बायकोला विचारा.

पन्नाशी ओलांडलेल्यांना शिकायचं नसेल तर दुसरी वाट होती. नवी नोकरी कमी पगाराची आणि वर्षाला ५०,००० डॉलरच्या आतली असेल, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग सरकार द्यायचं, दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलरपर्यंत. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ७२.५ टक्के करसवलतही होती.

मात्र सगळा खेळ तारखांचा. मंजुरी किंवा नोकरी जाणं, यातलं जे नंतरचं असेल त्यापासून २६ आठवड्यांत प्रशिक्षणात नाव लागलं नाही, तर साप्ताहिक पैसे सहसा हातचे जायचे. माझ्या शेजारच्या मशीनवरचा एक जण 'कंपनी परत बोलावेल' म्हणून थांबला, आणि मुदत निघून गेली.

योजना केनेडींच्या काळातली, १९६२ ची. तेव्हाच्या अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगाराला मंजुरी मिळाली नाही! १९७४ मध्ये अटी सैल केल्या, नंतर कधी वाढवल्या, कधी छाटल्या. माझं मत विचाराल तर खासदारांच्या दृष्टीने ही व्यापार करारांना मतं मिळवताना सौद्यात टाकायची वस्तू होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नव्या मंजुऱ्या थांबल्या. जुनी माहितीपत्रकं अजून फिरताहेत, त्यांवर जाऊ नका.

आता मेहुण्यांच्या हातात काय आहे ते बघू. बेकारी भत्त्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायला सांगा. ओहायोत तो २६ आठवड्यांपर्यंत मिळू शकतो. नोटिशीचा कायदा १९८८ चा आहे. साधारणपणे १०० किंवा जास्त कामगारांच्या कंपनीने प्लांट बंद करताना ६० दिवस आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर राहिलेल्या दिवसांचा पगार मागता येतो. सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे घेताना 'दावा करणार नाही' अशा कागदावर सही मागतील. मेहुणे चाळिशीपुढचे असतील, तर अशा सामूहिक कपातीत विचाराला ४५ दिवस मिळतात आणि सहीनंतर ७ दिवसांत ती मागेही घेता येते. आरोग्य विम्यासाठी कोब्रा आहे, म्हणजे कंपनीचाच विमा काही काळ चालू ठेवायची सोय, पण सहसा पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून. आधी मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे सरकारी विमा बाजारातल्या योजना बघा. जुनं विमासंरक्षण संपल्यापासून ६० दिवसांत नाव नोंदवायचं असतं.

प्रशिक्षणासाठी २०१४ च्या कायद्याखालचा 'डिसलोकेटेड वर्कर', म्हणजे नोकरी गेलेल्या कामगारांसाठीचा, कार्यक्रम चालू आहे. ओहायोत तो ओहायोमीन्सजॉब्स नावाच्या रोजगार केंद्रांतून मिळतो. फीला मदत होते, पण टीएएसारखे घर चालवायला दर आठवड्याचे पैसे नाहीत, आणि खरा फरक इथेच पडतो. कोर्स राज्याच्या मान्य यादीतला लागतो, म्हणून आधी केंद्रात जायचं, मग कॉलेजात. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात मात्र नोकरी गेल्याचं पत्र घेऊन जा. पेल ग्रँट या सरकारी शिक्षण अनुदानासाठी साधारण दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात, पण नोकरी गेली असेल तर आत्ताचं उत्पन्न धरायचा अधिकार त्यांना असतो. कुणी आपणहून सांगत नाही.

प्लांट बंद व्हायच्या आधी राज्याची माणसं येऊन कामगारांची सभा घेतात, तिला रॅपिड रिस्पॉन्स म्हणतात. आमच्याकडे अर्धे लोक ती सोडून पार्किंगमध्ये सिगारेट ओढत उभे होते. मेहुण्यांना पुढच्या खुर्चीत बसायला सांगा, आणि विचारायला सांगा की या जिल्ह्यात प्रशिक्षणाचे पैसे यंदा किती उरलेत. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे मे-जूनमध्ये कधी कधी तिजोरीत खडखडाट असतो.