गुजरीवाला काच का घेत नाही?

प्रश्न : पूर्वी आमच्या दारातून गुजरीवाला रद्दी, डबे, बाटल्या सगळं न्यायचा. आता काचेला हात लावत नाही. मग रिसायकलिंग वाढलं म्हणतात ते कशाचं? – एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, तीस वर्षं माझं गुजरीचं दुकान आहे. काच परत पाठवताना मलाही जीवावर येतं. कितीही वेळा वितळवली तरी ती काचच राहते. पण वजन फार, भाव नाही, वाटेत फुटते. भट्टीपर्यंतचं गाडीभाडंच मालावर चढतं. बियरच्या बाटल्या मात्र अजून घेतो, त्या धुऊन पुन्हा भरतात.

वाढ झाली, पण सारखी नाही. अमेरिकेत १९६० पासूनचा सरकारी हिशेब आहे. तेव्हा कचऱ्यातला जेमतेम ६ टक्के माल परत वापरात जायचा, २०१८ साली, कंपोस्ट खत धरून, ३२ टक्के. त्यात कागद-पुठ्ठा १७ वरून ६८ टक्क्यांवर गेला. काचेच्या बाटल्या-बरण्या ३१ वर, प्लास्टिक ९ च्याही आत. ॲल्युमिनियमचे कॅन १९९० मध्ये साठीच्या वर होते, ते पन्नासावर उतरले. हे वाचून जीव हळहळतो. आपल्या बेळगावजवळच्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमची कच्ची भुकटी करतात. त्याचा धातू करायला अफाट वीज लागते. जुनं पातेलं वितळवायला त्याच्या विसाव्या हिश्श्यात भागतं. म्हणून तर चेपलेल्या पातेल्यालाही मी भाव देतो.

प्लास्टिकमध्ये जाती फार. वेफर्सचं पाकीट मुठीत चुरगाळून सोडा, आपोआप उलगडतं. त्यात प्लास्टिकवर धातूचा थर असतो, तो सुटा करणं कुणालाच परवडत नाही. दुधाची पिशवी एकाच जातीची, ती जरूर द्या. फक्त कापताना कोपरा तोडू नका, लोंबता ठेवा. सुटा तुकडा थेट गटारात जातो. आणि धुऊन, उलटी टांगून वाळवा. आपल्याकडच्या पावसात एक ओली पिशवी आली की खालचा रद्दीचा गठ्ठा कुजतो, तो मला फेकावा लागतो.

राहिली तुमची काच. फुटकी असेल तर जाड कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा आणि कचरागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. गेल्या श्रावणात माझ्याकडे माल निवडणाऱ्या मावशींच्या तळव्यात बरणीचा तुकडा घुसला; अजून त्यांची दोन बोटं नीट मिटत नाहीत.