उजवा रकाना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीसाठी कोणता स्पॅनिश कादंबरीकार घेऊ, असं तू विचारलं आहेस. तो प्रश्न वर्षभर बाजूला ठेव. मेक्सिकोच्या प्राचीन संस्कृतीवर काम करायची तुझी ओढ खरी असेल, तर आधी नाहुआत्ल, म्हणजे तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा, शीक. नुसत्या स्पॅनिशवर हे काम होत नाही.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण फ्लोरेन्टाइन कोडेक्सवर होतं. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने १५७७ च्या सुमारास पूर्ण केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ. पानावर डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे नाहुआत्ल. मी डावा रकाना तेवढा वाचला आणि तो उजव्याचा अनुवाद आहे, असं धरून चालले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बाराव्या खंडातला एकच उतारा पुढे ठेवला. अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाचे दूत स्पॅनिश शिपायांना सोनं भेट देतात. डावा रकाना सांगतो, त्यांना आनंद झाला, सोन्याचं त्यांना मोल असल्याचं दिसलं. उजवा सांगतो, त्यांनी ते सोनं माकडांसारखं उचललं, भुकेल्या डुकरांसारखे ते सोन्यासाठी वखवखले होते. अख्खं प्रकरण मला नव्याने लिहावं लागलं, आणि ते योग्यच होतं.

उजवा रकाना लिहिणारे मेक्सिकोतल्या त्लातेलोल्कोच्या विद्यालयात शिकलेले नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या समाजातले, होते. नाहुआत्ल, स्पॅनिश, लॅटिन, तिन्ही भाषा त्यांना येत. साहागुनचा स्पॅनिश मजकूर बऱ्याच ठिकाणी तोकडा आहे, म्हणून चित्रं बहुतेक त्याच रकान्यातल्या मोकळ्या जागेत आली. तीही वाचायची असतात, बरं का.

मूळ भाषा शिकून काय साधतं, याचं उदाहरण म्हणजे मेक्सिकन अभ्यासक मिगेल लेओन-पोर्तिया, मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. ते नाहुआत्ल शिकले आन्हेल मारिया गारिबाय यांच्याकडे. गारिबाय धर्मगुरू होते आणि खेड्यापाड्यांत काम करत असताना त्यांनी तिथल्या भाषा आत्मसात केल्या होत्या. १९५६ मध्ये लेओन-पोर्तियांनी नाहुआ तत्त्वज्ञानावर प्रबंध दिला, तो मूळ नाहुआत्ल साधनांवरून. ‘या लोकांना तत्त्वज्ञान कसलं?’ म्हणणाऱ्यांना त्यांनी मूळ ओळी वाचून उत्तर दिलं. आपल्या क्षेत्रात मला याहून मोठं काम दिसत नाही.

तुझ्यापाशी आणखी एक शिदोरी आहे, ती विसरू नकोस. पेरूमध्ये तिथलाच मूळ रहिवासी ग्वामान पोमा १६१५ च्या सुमारास स्पेनच्या तिसऱ्या फिलिप राजाला उद्देशून हजाराहून अधिक पानांचं सचित्र गाऱ्हाणं लिहीत होता. त्याच राजाच्या अमलाखालच्या गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठी ओवीत. तेव्हा पोर्तुगालही स्पेनच्याच राजाकडे होतं. एकीकडे अँडीजमधला माणूस राज्यकर्त्यांची भाषा हाती घेतो, दुसरीकडे इंग्रज पाद्री आपली ओवी. हे दोन्ही ग्रंथ मुळातून वाचणारी माणसं फार थोडी. मराठी तुला येतेच.

आणि नाहुआत्ल ही मेलेली भाषा समजू नकोस. मेक्सिकोत आजही सोळा लाखांहून अधिक लोक नाहुआत्ल बोलतात. संधी मिळाली की त्यांच्यातल्याच कुणाकडून शीक.

कोडेक्स इंटरनेटवर मोफत वाचता येतो. बारावा खंड काढ. स्पॅनिश येण्याआधीचा पहिला अपशकुन, आकाशात दिसलेली ज्वाळा, दोन्ही रकान्यांतून अक्षरन् अक्षर हाताने उतरव. अर्थ लागला नाही तरी चालेल. ती पानं पुढच्या महिन्यात मला पाठव.

तुझी,
बाई