‘बोटीचा खलाशी’ आणि ‘वेळापत्रकाची नोंद’: दोन्हीकडे एकच रेघ?

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: फेरीबोट सेवेवरच्या प्रकल्पात क्लासमधले (म्हणजे प्रोग्राममधल्या ‘बोट’, ‘धक्का’ अशा प्रकारांमधले) संबंध दाखवायला यूएमएलची, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी दाखवण्याच्या प्रमाणित पद्धतीची, कोणती आकृती काढावी? आणि मराठी अहवालात सगळीकडे ‘संबंध’ लिहिलं तर चालेल का?

आकृती क्लास डायग्रामच. यूएमएल 2.5 मध्ये 14 प्रकार आहेत, पण हे काम तिचं. कोणी कोणाला कोणत्या क्रमाने संदेश पाठवला, हे सीक्वेन्स डायग्राममध्ये दाखवा.

‘संबंध’ मात्र पुरत नाही. खरी अडचण षष्ठीची आहे. ‘बोटीचा खलाशी’, ‘वेळापत्रकाची नोंद’, ‘मार्गाचा धक्का’ या सगळ्यांना मराठीत एकच प्रत्यय लागतो, म्हणून सगळीकडे एकच रेघ ओढली जाते. ‘चा’ काढून क्रियापद घालून बघा. खलाशी बोटीवर काम करतो. बोट भंगारात गेली तरी तो दुसऱ्या बोटीवर जातो. ही असोसिएशन, साधी सलग रेघ. वेळापत्रक फेऱ्यांच्या नोंदींनी बनतं. ते पुसलं की नोंदीही जातात आणि एक नोंद एका वेळी दोन वेळापत्रकांत नसते. ही कंपोझिशन. तिचा काळा डायमंड वेळापत्रकाच्या, म्हणजे पूर्णाच्या टोकाला येतो. तो नोंदीच्या टोकाला काढला की अर्थ उलटा होतो. पोकळ डायमंडची अॅग्रिगेशन (पूर्ण आणि भाग यांचं सैल नातं) मात्र जपून वापरा. तिचा नेमका अर्थ यूएमएलच्या अधिकृत प्रमाण दस्तऐवजातच मोकळा सोडला आहे, त्यामुळे शंका असेल तिथे साधी रेघ बरी.

‘आहे’सुद्धा फसवतं. ‘फेरीबोट ही बोट आहे’ हे जनरलायझेशन (उपप्रकार आणि त्याचा मूळ प्रकार): सलग रेघ, पोकळ त्रिकोण बोटीच्या टोकाला. पण ‘बेती हा धक्का आहे’ असं म्हणतो तेव्हा बेती हा धक्क्याचा उपप्रकार नसतो, तो एक प्रत्यक्ष धक्का असतो. त्याची जागा प्रत्यक्ष वस्तू दाखवणाऱ्या ऑब्जेक्ट डायग्राममध्ये, नाव अधोरेखित करून: ‘बेती : धक्का’. बेतीसाठी वेगळा क्लास केलात तर प्रत्येक नव्या धक्क्याला नवा क्लास लिहावा लागेल.

तिकीट खिडकी भाडेतक्ता नुसता वापरते, तिथे डिपेंडन्सी: तुटक रेघ, उघडा बाण तक्त्याकडे.

तेव्हा अहवालात ‘संबंध’ऐवजी त्या त्या रेघेचं क्रियापद लिहा: काम करतो, बनतं, वापरते. आणि अंक विसरू नका. एका मार्गाला दोन धक्के, तर 2 हा आकडा धक्क्याच्या टोकाला. एकाच धक्क्यावरून अनेक मार्ग सुटू शकतात, म्हणून मार्गाच्या टोकाला 1..*, म्हणजे एक किंवा अधिक.