जुना रॅक सॅम्पलर तापला की हँग होतो. रॅम बदलली, तरी तेच. दोष कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की नव्वदच्या दशकातला हा सॅम्पलर (आवाज साठवून ते सुरांत वाजवणारं यंत्र) पंचवीस मिनिटं ठणठणीत चालतो, मग एखादा सूर तसाच वाजत अडकतो आणि स्क्रीन गोठते. बंद करून लगेच लावला तर पाचच मिनिटांत पुन्हा तेच. रॅम बदलून झाली, सिस्टिमची फ्लॉपी नवीन करून झाली.

तुमच्या प्रश्नातली मोलाची गोष्ट ही की थंड असताना पंचवीस मिनिटं आणि गरम असताना पाच. सॉफ्टवेअरची चूक असं तापमान बघून वागत नाही. मी तरी आधी चिपना वीज पुरवणारी ५ व्होल्टची लाइन तपासेन.

त्याआधी, यंत्र थंड असतानाच, आतल्या डिस्कवरचे सॅम्पल दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्कवर काही लिहिलं जात असताना हँग झाला तर तेही जातील.

त्या काळच्या बहुतेक चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. मल्टिमीटरने एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. एकदा पॉवर सप्लायच्या आउटपुटवर मोजा आणि एकदा मेन बोर्डवर, रॅमच्या स्लॉटजवळ. माझ्या सॅम्पलरला अगदी हाच आजार होता. गरम झाल्यावर सप्लायवर ५.०४ दिसत होते आणि बोर्डवर ४.६२. वीतभर वायरीत जवळजवळ अर्धा व्होल्ट गायब! कनेक्टर काढून पाहिला तर पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी पडलेलं, आणि बोर्डाच्या मागे त्याच पिनभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. थंड असताना चीर मिटलेली, तापली की उघडणार. जुनं सोल्डर पूर्ण काढून नवीन भरलं, कनेक्टर बदलला, त्यानंतर तो एकदाही हँग झालेला नाही. नुसतं वरून सोल्डर चढवू नका, ते टिकत नाही.

काही सप्लायमध्ये व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो. बोर्डवर कमी दिसतंय म्हणून तो फिरवायचा मोह होतो. कृपा करून फिरवू नका. उद्या जोड नीट बसला की तेच वाढीव व्होल्टेज थेट चिपवर जाईल, आणि त्यातल्या काही आता मिळतही नाहीत.

कपॅसिटर बदला, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. पण सुकलेला कपॅसिटर बहुधा उलटा वागतो: थंड असताना त्रास देतो, तापला की सावरतो. दोन्ही ठिकाणी व्होल्टेज सारखंच घसरत असेल, तर मात्र दोष सप्लायच्या आत आहे. तिथे स्वतः हात घालू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. ते काम सप्लाय दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

व्होल्टेज शेवटपर्यंत पाचच्या आसपास राहिलं, तर रॅमचा स्लॉट बघा. तुम्ही रॅम बदललीत, स्लॉट तोच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून रॅम दोन-तीनदा काढून बसवा. सॉकेटमधल्या चिपही तशाच. बाहेरची स्कझी ड्राइव्ह (स्कझी म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत) आणि मिडीच्या, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या, केबल काढून एकदा चालवून बघा. स्कझीच्या साखळीत टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा भाग) दोन्ही टोकांना हवा, आणि दोन यंत्रांचा आयडी एक नको.

अजून एक, यात माझे दोन दिवस गेले होते: झाकण उघडं असलं की यंत्र गार राहतं आणि हँग होतच नाही. मल्टिमीटरचे प्रोब चिमट्यांनी पक्के लावा, वर कोरडा पुठ्ठा आडवा ठेवा आणि तासभर चालू द्या. हँग झाला त्या क्षणाचे दोन्ही आकडे इथे लिहा, मग पुढचं बघू.